पीजीनंतर कॉलेज की तालुका? सोलापूर जिल्ह्यातल्या नव्या डॉक्टरांसाठी

पीजीचा निकाल लागला की पंधरा दिवसांत कुणी ना कुणी ओपीडी संपेपर्यंत दाराशी थांबतं आणि विचारतं, "मॅडम, लेक्चररशिप घेऊ की गव्हर्नमेंट सर्व्हिस?" हल्ली मी याचं उत्तर उभ्या उभ्या देत नाही. बसवून घेते, चहा मागवते. निर्णय चुकला तर सुधारता येतो, पण निर्णयांचा क्रम चुकला तर पाच-सात वर्षं निस्तरण्यात जातात, हे मी माझ्याच बॅचमध्ये पाहिलंय.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ. आधी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात सहा वर्षं काढली, मग शिकवायला आले. दोन्हीकडचं मीठ खाल्लंय. हे लिहितेय ते एमडी, एमएस किंवा डीएनबी होऊन नुकत्याच बाहेर पडलेल्यांसाठी. एमबीबीएसवाल्यांना यातलं थोडंच लागू पडेल.

आधी खातं ओळखा

प्रश्नातच एक घोळ आहे. शासकीय कॉलेजातली नोकरीसुद्धा सरकारीच असते. फरक खात्याचा. वैद्यकीय शिक्षण विभाग वेगळा, सार्वजनिक आरोग्य विभाग वेगळा. दोघांची भरती, ज्येष्ठतायादी, बदल्या सगळं वेगळं. सोलापुरात हा घोळ जरा जास्तच होतो, कारण आपण ज्याला 'सिव्हिल' म्हणतो ते श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. कॉलेज १९६३ सालचं. तिथला कारभार अधिष्ठात्यांच्या हाती. जिल्हा शल्यचिकित्सकांकडे येतात ती पंढरपूर, अकलूजसारखी उपजिल्हा रुग्णालयं आणि तालुक्यांतली ग्रामीण रुग्णालयं. प्राथमिक आरोग्य केंद्रं पाहतात जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी. त्यामुळे 'मला आरोग्य खात्यातून सिव्हिलला लागायचंय' असं कुणी म्हणालं की मी तिथेच थांबवते.

शिड्याही दोन आहेत. कॉलेजात सीनियर रेसिडेंट (एसआर), सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक. आरोग्य खात्यात वैद्यकीय अधिकारी किंवा विशेषज्ञ, मग वैद्यकीय अधीक्षक, पुढे जिल्हा शल्यचिकित्सक, उपसंचालक. एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते: आरोग्य खात्याच्या शिडीवर जसजसे वर जाल तसतसा पेशंट दूर जातो आणि बैठका, औषधखरेदी, चौकश्या जवळ येतात. ज्याला शेवटपर्यंत ऑपरेशन करायचंय त्याने हे नोकरी घेतानाच लक्षात घ्यावं.

याशिवाय रेल्वेचं रुग्णालय आहे, कामगार विमा रुग्णालय आहे, महापालिकेचे दवाखाने आहेत, कुंभारीचं अश्विनी हे खासगी कॉलेज आहे. त्यांचं गणित स्वतंत्र, इथे त्यात शिरत नाही.

पहिल्या वर्षी एसआरशिप, बाकी सगळं नंतर

संपूर्ण लेखातलं एवढंच वाचलंत तरी माझं काम झालं. पीजीनंतर राज्यात एक वर्षाचा बाँड, म्हणजे सक्तीची शासकीय सेवा, आहे आणि तो मोडला तर दंड ५० लाखांचा. हा बाँड शासकीय कॉलेजात सीनियर रेसिडेंट म्हणून फेडता येतो, तसाच आरोग्य खात्याच्या रुग्णालयातही फेडता येतो. फॉर्म भरताना बरेच जण घराजवळचं ठिकाण पाहतात. सांगोल्याचा मुलगा सांगोला टाकतो, बार्शीची मुलगी बार्शी. तसं करू नका. जागा मिळत असेल तर एसआरशिपच, म्हणजे कॉलेजातली सीनियर रेसिडेंटची जागाच टाका.

कारण असं. सहायक प्राध्यापक व्हायचं असेल तर आपल्याच विषयात, मान्यताप्राप्त कॉलेजात एक वर्षाची एसआरशिप लागते. ती बाँडच्या वर्षातच झाली तर वेगळा वेळ जात नाही. नंतर करायला गेलात तर काय होतं? माझी एक मैत्रीण बाँडला तालुक्याला गेली, तिथेच रमली, उत्तम सर्जन झाली. चौतिसाव्या वर्षी तिला शिकवावंसं वाटू लागलं. दोन मुलं घरी ठेवून ती पुन्हा रेसिडेंट झाली, स्वतःपेक्षा सात वर्षांनी लहान मुलांच्या बरोबरीने नाइट केल्या. केल्या तिने, पण ते वर्ष तिच्या घराला किती महागात पडलं ते मी जवळून पाहिलंय.

'नवीन नियमात एसआरशिप माफ झालीय ना?' असं आता बरेच जण विचारतात. अर्धंच ऐकलेलं असतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२५ च्या नियमांनुसार २२० किंवा अधिक खाटांच्या शासकीय रुग्णालयात विशेषज्ञ म्हणून २ वर्षं काम केलेल्याला एसआरशिपशिवाय सहायक प्राध्यापक होता येतं आणि १० वर्षं केलेल्याला सहयोगी. चांगला नियम आहे, तालुक्याच्या डॉक्टरचा अनुभव मोजला जावा ही माझी फार जुनी इच्छा. पण खाटांचा आकडा पाहा. ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचं असतं, उपजिल्हा ५० नाहीतर १०० खाटांचं. तिथे तुम्ही पंधरा वर्षं जीव ओतलात तरी तो अनुभव या सवलतीत बसत नाही. तेव्हा एसआरशिप करून ठेवा. तालुक्यालाच जायचं ठरलं असेल तरीही.

त्याच वर्षात आणखी एक काम उरका: बीसीबीआर, म्हणजे जैववैद्यकीय संशोधनाचा प्राथमिक अभ्यासक्रम. चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था तो एनपीटीईएलवर ऑनलाइन चालवते. रोज अर्धा तास दिला तरी होतो. एसआर असताना हा अर्धा तास मिळणं अवघड वाटेल, पण पुढे तोही मिळत नाही.

दोन्हीकडे प्रत्यक्ष राहून बघा

नोकरी निवडताना लोक हुद्दा बघतात, पगार बघतात. मी सांगते, मंगळवार बघा. कुठल्याही साध्या मंगळवारी सकाळी नऊ ते दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ तिथल्या डॉक्टरबरोबर राहा. ओळखीच्या सीनियरला फोन करा, रजा टाकून दोन-तीन दिवस तालुक्याला जा. कुणी नाही म्हणत नाही.

माझा तालुक्याचा एक दिवस सांगते. डिसेंबर, गळीत हंगाम जोरात. दिवसभरात शंभरावर ओपीडी, दोन सिझेरियन, एक शवविच्छेदन. हो, स्त्रीरोगतज्ज्ञ असलात तरी ड्यूटीवर आहात म्हटल्यावर शवविच्छेदन तुमच्याच वाट्याला येतं आणि त्याचं समन्स तीन वर्षांनी, बदली झाल्यावर, नव्या गावात येतं. रात्री दोनला १०८ आली. ऊसतोड कामगाराची बायको, तिसरं बाळंतपण, कोपीतच, म्हणजे फडाजवळच्या झोपडीतच, मोकळी झालेली, साडी पायापर्यंत भिजलेली. भूलतज्ज्ञ चाळीस किलोमीटरवर. रक्तपेढी त्याहून लांब. खोलीत मी, एक सिस्टर आणि मावशी. गर्भाशय ओल्या कणकेसारखं मऊ. ऑक्सिटोसिन चालू केलं, एक मूठ आत, दुसरा हात पोटावर, आणि दाबून धरलं. लाइट गेली तेव्हा मावशींनी मोबाइलचा टॉर्च धरला. त्यांचा हात थरथरत होता म्हणून भिंतीवर माझ्या हातांच्या सावल्या हलत होत्या. पस्तीस मिनिटं. मनगटं बधिर झाली, मग हळूहळू आतला गोळा घट्ट लागायला लागला. अजून आठवतं ते घट्ट लागणं. सिस्टरला सोबत देऊन पेशंट रक्तासाठी सोलापूरला पाठवली. सकाळी नवरा आला, बाळ-बाळंतीण बरी आहे एवढं विचारलं आणि फडात गेला. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, अंगावर होती.

असा प्रसंग रोज येत नाही. रोज येतं ते वेगळंच: लसीकरणाचे, कुटुंबकल्याण शिबिरांचे आकडे, पोर्टलवर भरायची माहिती, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी ताटकळलेली माणसं, सरपंचांचा फोन. आषाढीला राज्यभरातून पंढरपूरला डॉक्टर जातात त्यात तुमचंही नाव असतं. मला वारीची ड्यूटी आवडायची, पायाला फोड आलेल्या म्हाताऱ्या 'माउली' म्हणून हाक मारतात तेव्हा थकवा निघून जातो. पण आवडली नाही तरी करावीच लागते.

आता कॉलेजातला मंगळवार. साडेनऊला वॉर्डात क्लिनिक. पूर्व भागातली एक आजी, आयुष्यभर विड्या वळलेली, मराठी तोडकंमोडकं. थर्ड इयरचा मुलगा तिला जोरजोरात मराठीत विचारतोय, "आजी, कुठं दुखतंय?" आजी गप्प. मी म्हटलं, आवाज नको वाढवू, भाषा बदल. "एक्कडा नोप्पी?" असं तेलुगूत विचार. त्याने विचारलं, आजीने लगेच बेंबीच्या खाली बोट ठेवलं आणि पुढची दहा मिनिटं ती बोलतच राहिली. त्या मुलाचा चेहरा पाहण्यासारखा होता. आपल्या सिव्हिलमध्ये तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी अशा चार भाषांत दुखणं येतं. अक्कलकोट ओलांडून आलेल्या पेशंटला कन्नडमध्ये "यल्ली नोवु?" विचारता आलं पाहिजे. हे पुस्तकात नाही. कुणीतरी कॉटजवळ उभं राहून शिकवावंच लागतं, आणि ते शिकवताना मला जे मिळतं ते सिझेरियनमध्ये मिळणाऱ्या समाधानाहून निराळं आहे, कमी नाही.

क्लिनिक संपलं की मात्र फाइली सुरू होतात. लॉगबुकं, इंटर्नल, तपासणीची माहिती, आधारशी जोडलेली हजेरी. वर्षाला ७५ टक्के हजेरी नसेल तर तुम्ही वैद्यकीय आयोगाच्या मोजणीत धरलेच जात नाही. नव्या कॉलेजात माणसं कमी पडली की जुन्या कॉलेजातून प्रतिनियुक्तीवर पाठवतात. मला एकदा संध्याकाळी सहाला ऑर्डर हातात मिळाली, सकाळी नऊला दीडशे किलोमीटरवर हजर व्हायचं होतं. घरी मुलगी तापाने फणफणलेली. गेले. तिथे दोन दिवस बसून होते, एकही पेशंट तपासला नाही. त्याचा राग अजून आहे. विद्यार्थ्यांसाठी म्हणून कॉलेज उघडायचं तर तिथे कायमचे शिक्षक हवेत, आमच्यासारखे दोन दिवसांचे पाहुणे नकोत.

दोन्ही बघून आलात की स्वतःला एकच विचारा: यातला कुठला थकवा मला वर्षानुवर्षं सोसेल? आवडीचं काम दोन्हीकडे सापडतं, थकवा मात्र दोन्हीकडचा फार वेगळा आहे.

संशोधन आणि पेपर

याबाबत स्वतःशी खरं बोला. सध्याच्या नियमांत सहायकाचं सहयोगी व्हायला ४ वर्षांचा अनुभव आणि २ शोधनिबंध लागतात. सहयोगीचं प्राध्यापक व्हायला आणखी ३ वर्षं आणि एकूण ४. आकडा छोटा आहे. पण थिसिस लिहिताना ज्यांना अक्षरशः कंटाळा आला होता त्यांना तो डोंगराएवढा वाटतो, आणि मग सुरू होतं पैसे भरून कुठेतरी छापून आणणं. ते करू नका. पैसेही जातात आणि मानही जातो.

विषयांसाठी लांब जावं लागत नाही. विडी कामगार बायकांमधला अ‍ॅनिमिया, यंत्रमागावर काम करणाऱ्यांचे श्वासाचे आजार, मे महिन्यातल्या उन्हाचे तडाखे, सर्पदंश, ऊसतोड बायकांची काढून टाकलेली गर्भाशयं, हे सगळं आपल्या दारात आहे. तालुक्यात असतानाही नोंदी ठेवा. मी सहा वर्षं अतिरक्तस्रावाच्या प्रत्येक केसची एका वहीत नोंद ठेवली होती: किती वाजता आली, किती रक्त गेलं, काय केलं, कुठे पाठवलं. कॉलेजात आल्यावर नीतिसमितीची परवानगी घेऊन पहिला पेपर त्याच विषयावर केला.

उलट 'कॉलेजातल्यांचा हात बसत नाही, तालुक्यातल्यांना वाचन नसतं' असली वाक्यं कानाआड करा. आपल्या सोलापुरात १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. युद्धात ऑपरेशनं करता करता ते तिथल्या मुलांना शिकवतही होते.

पैसे

थोडक्यात सांगते. वैद्यकीय अधिकारी गट-अ चं मूळ वेतन ५६,१०० पासून सुरू होतं, सहायक प्राध्यापकाचं ५७,७०० पासून. फरक नगण्य, तेव्हा पगारावरून ठरवू नका. व्यवसायरोध भत्ता घेतला की खासगी प्रॅक्टिस बंद, आणि बंद म्हणजे बंद. भत्ताही घ्यायचा आणि संध्याकाळी बायकोच्या नावाच्या पाटीखाली ओपीडीही काढायची, हे दोन्हीकडे चालतं आणि दोन्हीकडे एक दिवस अंगाशी येतं. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन आपोआप मिळत नाही, म्हणून पहिल्या पगारापासून स्वतःची बचत सुरू करा.

घरच्यांना आधी विचारा, नंतर सांगू नका

२००५ च्या बदल्यांच्या कायद्यात एका जागेचा साधारण कालावधी ३ वर्षांचा धरलाय. आरोग्य खात्यात करमाळ्याहून थेट विदर्भात जावं लागलेले लोक मला माहीत आहेत. कॉलेजातली बदली झाली तरी होते मोठ्या गावातच, कारण कॉलेजं तिथेच असतात. मुलांची शाळा, जोडीदाराचं काम, आईवडिलांची औषधं या दृष्टीने हा फरक मोठा आहे. तालुक्यात क्वार्टर मिळतं, पण ते आधी पाहून या: पाणी किती दिवसांनी येतं, शेजारी कोण राहतं, रात्री बाईमाणसाला एकटीने दवाखान्यापर्यंत चालत जाता येतं का. माझ्या क्वार्टर आणि लेबर रूममध्ये दीडशे पावलं अंधार होता. दोन वर्षं अर्ज केले, शेवटी गावातल्या एका वायरमनदादांनी स्वतःहून दिवा लावून दिला.

अर्ज आणि कागद

जाहिरातीतला पहिला शब्द शोधा: नियमित, हंगामी, की कंत्राटी. सहायक प्राध्यापकाची नियमित जागा लोकसेवा आयोगातून भरली जाते. कॉलेजाच्या फलकावर थेट मुलाखतीची नोटीस दिसते ती बहुतेक कंत्राटी असते, ठरावीक महिन्यांची. वैद्यकीय अधिकारी गट-अ ची जाहिरात आरोग्य खातं स्वतः काढतं, राष्ट्रीय आरोग्य अभियानाची पदं पुन्हा कंत्राटी. कंत्राटी जागा वाईट असं मी म्हणत नाही. अनुभवासाठी एखादं वर्ष जरूर करा. पण 'पुढे कायम करतील' या आशेवर तिथे पाच वर्षं बसू नका, आणि कंत्राटीत असताना आयोगाची एकही जाहिरात चुकवू नका.

एका खात्यातून दुसऱ्यात जायचं असेल तर अर्ज कार्यालयामार्फतच करा, परवानगीचं पत्र जपून ठेवा. निवड झाल्यावर साधा राजीनामा लिहून देऊ नका. तांत्रिक राजीनामा द्या. या एका शब्दामुळे मागची सेवा जोडून मिळते, पगार खाली येत नाही. माझ्या वेळी क्लार्कभाऊंनी हे सांगितलं नसतं तर माझी सहा वर्षं गेली असती.

एसआरशिपचं अनुभव प्रमाणपत्र कॉलेज सोडायच्या आधी घ्या. रुजू झाल्याची आणि कार्यमुक्त झाल्याची तारीख, विषय, पद, सगळं त्यावर आहे ना ते तिथेच उभं राहून वाचा. नंतर अधिष्ठाते बदलतात, जावक नोंदवह्या सापडत नाहीत. मेडिकल कौन्सिलमधली पीजीची जादा नोंदणी याच काळात करून टाका. सेवापुस्तकाची दुय्यम प्रत दरवर्षी तपासा.

आणि रुजू व्हायच्या दिवशी सकाळी लवकर निघा. हजर अहवालावर 'मध्यान्हपूर्व' लिहून घ्या, त्याच्या दोन प्रतींवर आवक शिक्का मारून एक स्वतःकडे ठेवा. त्या दिवसाचा पगार यावर ठरतो. माझ्या पहिल्या नोकरीत एसटी वाटेत बंद पडली, मी दुपारी पोचले आणि तो एक दिवस कागदावर पुढची कितीतरी वर्षं माझ्या मागे फिरत राहिला.